सदऱ्यातले सात रुपये

वऱ्हाडात दिवाळीची कापडखरेदी आणि कापसाची पहिली वेचणी मागेपुढेच येतात. सीतादहीचा नैवेद्य दाखवून बाया पऱ्हाटीत शिरतात, आणि त्याच कापसाच्या भरवशावर पोरांचे नवे कपडे ठरतात. मग बडनेऱ्याची माणसे अमरावतीची दुकाने नाहीतर नांदगाव पेठेकडची बिझीलँड-सिटीलँड गाठतात. तिथे सुरतेच्या पॉलिस्टरचे ढीग. स्वस्त, टिकाऊ, इस्त्रीची कटकट नाही. हातातल्या पैशात चार जणांचे कपडे बसवणाऱ्या बाईला त्यावरून कोणी शहाणपण शिकवू नये.

प्रश्न निवड परवडणाऱ्यांचा आहे. पुण्या-मुंबईत नोकरी करणारी आपलीच मुले दिवाळीला येतात ती 'शाश्वत', 'सेंद्रिय' अशी चिठ्ठी लावलेला दोन-अडीच हजारांचा सदरा घालून. हेतू चांगलाच आहे. पण त्या सदऱ्यात वऱ्हाड किती, याचा ढोबळ हिशेब मांडून पाहावा. सदऱ्याला पाव किलो रुई धरू. क्विंटलभर कापसातून साधारण 34 किलो रुई निघते, उरते ती बहुतेक सरकी. म्हणजे सदऱ्यामागे कापूस लागला पाऊण किलोच्या आसपास. 2025-26 चा हमीभाव मध्यम धाग्याला क्विंटलमागे 7,710 आणि लांब धाग्याला 8,110 रुपये होता. वरचा भाव धरला तरी शेतकऱ्याचे साठ रुपये पुरते होत नाहीत. त्यातून वेचणी जाते. दर गावागणिक बदलतो. किलोला दहा रुपये धरले तर वेचणारीच्या पदरात सात रुपये. हाही हमीभावाचा हिशेब. खेडा खरेदीतला व्यापारी ओलावा दाखवून भाव पाडतो तो वेगळाच, आणि 2025 मध्ये ऐन हंगामाआधी, 19 ऑगस्टला, केंद्राने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्कही माफ करून टाकले होते.

सेंद्रिय कापडाचे 'गॉट्स' प्रमाणपत्र निरर्थक आहे असे नाही. धागा सेंद्रिय आहे का, रंगाईत घातक रसायने वापरली का, कारखान्यात कामगारांना कसे वागवतात, हे त्यात तपासले जाते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले. ते आठवणाऱ्याला याचे मोल सांगावे लागत नाही. पण कापूस कुठल्या तालुक्यातला आणि काय भावाने घेतला, हे त्या चिठ्ठीवर नसते. आमच्या मते खरी निवड या प्रश्नापासून सुरू होते. बडनेऱ्याहून रेल्वेने दीड-दोन तासांवर वर्धा आहे. 1938 मध्ये गांधीजींच्या हस्ते सुरू झालेल्या तिथल्या मगन संग्रहालयात नैसर्गिक रंगांची खादी मिळते, आणि कापूस कुठला, कोणी कातले, कोणी रंगवले, हे विचारायला निदान समोर माणूस असतो. खादी सगळ्यांना पुरणार नाही, हे उघड आहे.

म्हणून लक्ष नांदगाव पेठेकडे द्यावे. 20 सप्टेंबर 2024 रोजी पंतप्रधानांनी वर्ध्याहून ज्याची पायाभरणी केली, ते पीएम मित्र वस्त्रोद्यान तिथे होते आहे. विजय मिल बंद पडल्यापासून बडनेऱ्याची माणसे कापडाच्या रोजगाराची वाट पाहत आहेत. त्यांना हे उद्यान हवेच आहे. कापसाच्या प्रत्येक गाठीवर जिनिंग-प्रेसिंगचा शिक्का आणि क्रमांक असतो. सूतगिरणीत निरनिराळ्या गाठी मिसळल्या की तो माग पुसला जातो. सूत, विणकाम, रंगाई आणि शिवण एकाच आवारात येणार असेल, तर हा माग तयार कपड्यापर्यंत राखणे जमण्यासारखे आहे. कापसाचा तालुका आणि खरेदीचा भाव कपड्याच्या चिठ्ठीवर छापावा, रंगाईच्या सांडपाण्याचा तपशील लोकांना पाहता यावा, या अटी भूखंडाच्या करारातच घालाव्यात. एकदा कारखाना उभा राहिला की मालक मुंबईत बसतो आणि अमरावतीतून पाठवलेल्या पत्राला पोच तेवढी मिळते.