दुकानाला कुलूप, संगणकाचे दार मात्र उघडे

डोंबिवलीत दुकान, भिवंडीत गोदाम आणि हिशेबनीस कल्याणला, अशी घडी आपल्यापैकी अनेकांची आहे. माणकोलीचा पूल २०२४ साली खुला झाला आणि भिवंडीचा फेरा कमी झाला हे खरे. तरी एका बिलाचा नंबर पाहण्यासाठी कोणी गाडी काढत नाही. गोदामातून किंवा घरून दुकानाचा संगणक उघडून पाहण्याची सोय आता लहान व्यापाऱ्यालाही लागते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा ही सोय नसलेल्यांचे हिशेब बंद शटरमागे अडकून पडले होते. तेव्हा सोय करावी की नाही, हा प्रश्न राहिलेला नाही. ती कशी करावी, एवढाच प्रश्न आहे. आणि याच बाबतीत आपण व्यापारी फार बेफिकीर आहोत.

दुसऱ्यांना नावे ठेवण्याआधी स्वतःची चूक सांगतो. टाळेबंदीत मी ओळखीच्या एका मुलाकडून ही सोय करून घेतली. त्याने राउटरमध्ये बाहेरून आत येणारा एक मार्ग उघडून दिला. पासवर्ड मीच ठेवला होता, दुकानाचे नाव आणि पुढे १२३. काही महिने काम उत्तम चालले. एके दिवशी सकाळी संगणक सुरू केला तर एकही फाईल उघडेना आणि पडद्यावर पैशांची मागणी करणारा इंग्रजी मजकूर. ग्राहकांची उधारी, विणकरांची मजुरी, शिंप्यांचा हिशेब, सारे कुलूपबंद झाले. जादा प्रत ठेवलेली डिस्क त्याच संगणकाला कायम जोडलेली होती, म्हणून तीही गेली.

पैसे मी दिले नाहीत. बिलबुके आणि चलने काढून दोन महिने हिशेब पुन्हा जुळवला. ज्या कारागिरांकडे चिठ्ठ्या होत्या, त्यांचे पैसे लगेच चुकते झाले. ज्यांनी माझ्या वहीवर विश्वास ठेवून चिठ्ठी जपलीच नव्हती, त्यांचे काय? एक वृद्ध कारागीर म्हणाले, "सेठ, तुम्ही सांगाल तेवढे." नुकसान मी पचवले, पण हे वाक्य मला अजून पचलेले नाही. तो हिशेब माझ्या एकट्याचा नव्हता. ती त्यांची अमानत होती.

पवित्र कुरआनातील सर्वांत मोठी आयत, सूरह अल-बकराची २८२ वी, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदार ठेवण्याबद्दल आहे. लिहून ठेवायचे तर लिहिलेले शाबूत राखणेही आलेच. वही कपाटात असो की संगणकात, जबाबदारी तीच.

"आपल्या छोट्याशा दुकानाकडे कोण बघतो?" असे अनेक बंधू विचारतात. बघणारा माणूस नसतोच. इंटरनेटवरील प्रत्येक पत्ता रात्रंदिवस ठोठावून पाहणारे प्रोग्राम फिरत असतात. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचे ठरलेले दार ३३८९ क्रमांकाचे. ते उघडे दिसले की हे प्रोग्राम हजारो पासवर्ड लावून पाहतात. दुकान लाखाचे की कोटीचे, हे त्यांना दिसत नाही. मोठ्यांचीही यातून सुटका झालेली नाही. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय या व्हायरसने जगभर संगणक बंद पाडले. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती, पण अनेकांनी ती लावली नव्हती. त्याच वर्षी २७ जूनला नॉटपेट्याने न्हावाशेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प केले. त्याचा उगम युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमध्ये होता. मार्च २०२१ मध्ये खुद्द एमआयडीसीच्या संगणक यंत्रणेवर असाच हल्ला झाला.

मग करावे काय? माझे शिक्षण उर्दू माध्यमातले, संगणकाची पुस्तके इंग्रजीत. म्हणून जाणकारांना विचारून जे समजले ते साध्या भाषेत सांगतो.

पहिले म्हणजे राउटरमधील तो उघडा मार्ग आजच बंद करावा. त्याऐवजी व्हीपीएन लावावे. रस्त्यावर उघडणाऱ्या दाराऐवजी फक्त आपल्या माणसांसाठी एक बंद गल्ली, असा त्याचा अर्थ. आधी ओळख पटवून गल्लीत यायचे, मगच संगणकापर्यंत पोहोचायचे. वायरगार्ड आणि ओपनव्हीपीएन ही सॉफ्टवेअरे मोफत आहेत आणि पुष्कळ राउटरमध्ये त्यांची सोय असते. अनेक इंटरनेट कंपन्या ग्राहकाला स्वतंत्र पत्ता देत नाहीत. तिथे टेलस्केलसारखी सेवा चालते. विंडोजच्या होम आवृत्तीत बाहेरून रिमोट डेस्कटॉप घेता येत नाही, त्याला प्रो लागते, हेही आधी पाहून घ्यावे.

दुसरे, प्रत्येकाला वेगळे नाव आणि वेगळा लांब पासवर्ड द्यावा. हिशेबनीस काम सोडून गेला की त्याच दिवशी त्याचा प्रवेश बंद करावा. पासवर्डच्या जोडीला मोबाईलवर येणारा कोडही लावावा. पासवर्ड चोरीला गेला तरी दुसरा साक्षीदार आपल्या खिशात राहतो.

तिसरे, विंडोजच्या दुरुस्त्या वेळेवर घ्याव्यात. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा जुन्या संगणकावर हिशेब ठेवून तो इंटरनेटला जोडणे धोक्याचे आहे.

चौथे, हिशेबाची प्रत दोन डिस्कवर आलटून पालटून घ्यावी आणि एक डिस्क नेहमी घरी, संगणकापासून सुटी असावी. महिन्यातून एकदा ती प्रत उघडून पाहावी. २६ जुलै २००५ चा पूर आठवत असेल त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

एनीडेस्कसारख्या सॉफ्टवेअरबद्दलही एक शब्द. ओळखीच्या कारागिराने समोरून दुरुस्ती करावी म्हणून ते ठीक आहे, पण काम संपताच बंद करावे. बँकेतून बोलतो असे सांगून कोणी ते मोबाईलवर घ्यायला लावले, तर फोन ठेवून द्यावा. अशा फसवणुकीचा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच दिला होता. पैसे गेलेच तर क्षणाचाही वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

आता थोडे कडू बोलतो. शटरच्या कुलपाला आपण चांगले पैसे मोजतो, वॉचमनला पगार देतो. पण संगणकाचे काम मात्र ओळखीच्या मुलाकडून चहा पाजून करून घेतो. मीही तेच केले होते. म्हणून त्या मुलाला मी दोष देत नाही. सुताराला, रंगाऱ्याला मजुरी द्यावी तशी या कामालाही द्यावी. एकट्याला जमत नसेल तर बाजारातील दहा दुकानांनी मिळून एक जाणकार तरुण ठरवावा. आपल्याच वस्त्यांत एमएस-सीआयटी किंवा आयटीआय करून रिकामे बसलेले कितीतरी हुशार मुलगे आणि मुली आहेत. त्यांना पुढचे शिक्षण द्यावे आणि काम द्यावे. आपला हिशेब सुरक्षित राहील आणि त्यांना रोजगार मिळेल.

मी आता आणखी एक करतो. दर शनिवारी प्रत्येक कारागिराच्या हाती त्याच्या येण्याची छापील चिठ्ठी देतो आणि एक प्रत सही घेऊन ठेवतो. ते वृद्ध कारागीर प्रथम हसले, कशाला म्हणाले. मी म्हटले, "चाचा, आता मी सांगेन तेवढे नको. कागद सांगेल तेवढे घ्या."