पायाच्या रंगावर भाव ठरू देऊ नका



आठवडी बाजारात बाईच्या हातातली कोंबडी व्यापारी उलटी धरतो, पाय बघतो आणि भाव पाडतो. पाय पिवळे असले तर म्हणे गावरान नाही, फार्मची. फिकट असले तर म्हणे म्हातारी. तोच माणूस काळ्या पायांची पिल्लं मात्र ‘अस्सल कडकनाथ’ म्हणून चढ्या भावाने आपल्या गळ्यात मारतो. हे तिन्ही निवाडे शास्त्राच्या कसोटीला उतरत नाहीत.

कोंबडीच्या पायाला रंगाचे दोन थर असतात. वर पिवळा रंग साठतो की नाही हे एक जनुक ठरवते, आत काळा रंग उतरतो की नाही हे दुसरी. दोन्ही रंग असले तर पाय हिरवट, नुसता काळा असला तर निळसर करडे, नुसता पिवळा तर पिवळे, एकही नसला तर पांढरट. गावरान कोंबड्यांच्या एकाच खुराड्यात हे चारही रंग निघू शकतात. पिवळेपणा दबून राहणारा गुण आहे. पांढऱ्या पायांच्या जोडीलाही पिवळ्या पायांचं पिल्लू होऊ शकतं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाप्रमाणे हा गुण बहुधा आपल्या दख्खन-सह्याद्रीतल्या करड्या रानकोंबड्याकडून आला. मग तो परका कसा?

फिकट पायांचं म्हणाल, तर पिवळा रंग कोंबडी स्वतः तयार करत नाही. तो पिवळ्या मक्यातून आणि हिरव्या पाल्यातून येतो. अंड्यावर आली की तो बलकात जातो आणि काही महिन्यांत पिवळे पाय फिके पडतात. तुरा लालभडक, डोळा तेज आणि पाय फिके, ती कोंबडी म्हातारी नव्हे, कष्टाळू समजा.

आता कडकनाथ. जात मध्य प्रदेशातल्या झाबुआची. २०१८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. तिचा काळेपणा जोरकस आहे. कडकनाथ कोंबडा साध्या कोंबडीवर सोडला तरी होणाऱ्या तलंगा काळपटच निघतात. त्या अस्सल म्हणून खपतात, आणि त्यांच्या पुढच्या पिढीत रंगांची भेसळ उघडी पडते. तोवर विकणारा गाव सोडून गेलेला असतो. २०१९ साली सांगली-कोल्हापूर भागात परत-खरेदीच्या आश्वासनावर कडकनाथ पाळणारे शेतकरी कसे बुडाले, ते विसरू नका.

म्हणून जालना जिल्ह्याच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवू. कोंबडी काट्यावर वजनाने विकायची, नगावर आणि रंगावर नाही. पिल्लं घेताना आई-बाप दोन्हींची जात पावतीवर लिहून घ्यायची. शंका आली तर खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारायचं. परत-खरेदीचा भाव आणि मुदत कागदावर असल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही.

कोंबडीचा पैसा हा घरातल्या बाईच्या हातातला पैसा आहे. तो पायाच्या रंगावर कुणाला लुटू देऊ नका.