मिठीवरची धावपट्टी

दरवर्षी जानेवारीत मुंबई मॅरेथॉन होते. २००४ पासून सुरू झालेली ही शर्यत आता शहराचा सणच झाली आहे. तिच्यातली अर्धमॅरेथॉन अलीकडे माहीमच्या रेतीबंदरावरून सुटते. धावणारे सागरी सेतू, वरळी, हाजी अली, मरीन ड्राईव्ह असे करत सीएसएमटी गाठतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत फोटो येतात ते समुद्राचे, सेतूचे, उगवत्या सूर्याचे. रेतीबंदरापासून हाकेच्या अंतरावर मिठी नदी समुद्राला मिळते. हजारो माणसे तिच्या मुखाशी जमतात आणि तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. गेलेच, तर ते नाकाला रुमाल लावण्यापुरते.

आपल्या शहरात धावण्याच्या वाटा दोनच प्रकारच्या आहेत. एक समुद्राकाठच्या, म्हणजे मरीन ड्राईव्ह, वरळी सी फेस, दादर चौपाटी आणि आता कोस्टल रोडलगतचा नवा विहारपथ. दुसऱ्या गोल गोल फिरायच्या. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवतीची फेरी जेमतेम सव्वा किलोमीटरची. तशाच माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्सच्या फेऱ्या, भायखळ्याच्या राणीबागेतल्या फेऱ्या. नदीच्या खोऱ्यातून, झाडांखालून, पाण्याच्या कडेने धावायचे असेल तर बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान गाठावे लागते. तिथे दहिसर नदी अजून नदीसारखी दिसते आणि सकाळी कान्हेरीच्या रस्त्यावर चालणाऱ्या-धावणाऱ्यांची वर्दळ असते. परळ-लालबाग किंवा मदनपुऱ्याच्या माणसाला मात्र तिथे पोचायलाच तासभर लागतो. धावणे राहते बाजूला, लोकल पकडण्याची धावपळ तेवढी होते.

खरे तर नदी आपल्या दारात आहे. शीव या नावाचा अर्थच हद्द. जुन्या मुंबई बेटाची हद्द शीव-माहीमला संपायची आणि त्या हद्दीवरून मिठी वाहायची. विहार आणि पवई तलावांचे ओसंडणारे पाणी घेऊन ती निघते. मरोळ, कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुल, धारावी असा सुमारे १८ किलोमीटरचा प्रवास करून माहीमच्या खाडीत उतरते. मी शाळेत उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवते, त्यामुळे हे नाव मला फार उपयोगी पडते. मराठीत मिठी म्हणजे आलिंगन. उर्दूत मीठी म्हणजे गोड. आणि मराठीतले मीठ तर खारट! मुली हसतात. मग एखादी म्हणते, "टीचर, वो तो नाला है." तिचे काही चुकत नाही. तिने जे पाहिले तेच ती सांगते.

या नदीवर धावपट्टी आहे, पण ती विमानांची. विमानतळासाठी मिठीला वळवले, दाबले, तिच्यावर धावपट्टी नेली. वांद्रे-कुर्ला संकुलासाठी तिच्या खाडीत भराव टाकले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि नदीने आपली जागा परत मागितली. त्यानंतर मिठीसाठी प्राधिकरण स्थापन झाले, गाळ काढणे सुरू झाले, काठाला भिंती उभ्या राहिल्या. वीस वर्षांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये, मिठीची पातळी वाढली आणि कुर्ल्याच्या क्रांतीनगरातल्या लोकांना पुन्हा घरे सोडून बाहेर पडावे लागले. भिंत आली, पण काठ आला नाही. भिंत पाण्याला अडवते. काठ माणसाला नदीपर्यंत नेतो आणि पुराच्या दिवशी पाण्याला पसरायला जागाही देतो.

नदीकाठी झाडांचा सलग पट्टा आणि त्यातून चालण्या-धावण्याची वाट, ही मागणी कोणाला चैनीची वाटेल. घर नाही, नळाला पाणी नाही आणि तुम्हाला पळायला रस्ता पाहिजे? माझ्यासाठी हा प्रश्न वर्गातून येतो. आमच्या भागातल्या कितीतरी शाळा इमारतीच्या एक-दोन मजल्यांवर भरतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवे असे लिहिले आहे. आमच्याकडे 'मैदान' हा शब्द निबंधातच जास्त भेटतो. पीटीच्या तासाला मुली जिन्याजवळच्या मोकळ्या जागेत रांगेत उभ्या राहून हात वर-खाली करतात. नववीतल्या मुलींना एकदा विचारले, न थांबता एक किलोमीटर कोण धावली आहे? एकीनेही हात वर केला नाही. या मुली आळशी नाहीत. पाण्याच्या कळशा घेऊन चार-चार मजले चढणाऱ्या मुली आहेत त्यांच्यात.

यावर दोन ठरलेली उत्तरे ऐकू येतात. बाहेरचे म्हणतात, तुमचा धर्मच मुलींना धावू देत नाही. आतले म्हणतात, शरीफ घरातल्या मुली रस्त्यावर धावत नाहीत. दोघांनाही आपला इतिहास माहीत नसावा. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी प्रवासात हजरत आयेशा (रजि.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली होती आणि पहिल्या वेळी हजरत आयेशा जिंकल्या होत्या, हे हदीसच्या संग्रहात नोंदलेले आहे. आणि हजमधली सई काय आहे? तान्हुल्या इस्माईलसाठी पाणी शोधत हजरत हाजरा सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात वेळा धावल्या, त्याची ती आठवण. आज तिथे हिरव्या दिव्यांच्या टप्प्यात पुरुष धावतात आणि स्त्रिया चालतात. पण ज्या धावण्याची ही आठवण आहे, ते धावणे एका स्त्रीचे होते. त्या दोन टेकड्यांमधल्या दरीत, पाण्याच्या शोधात. सातही फेऱ्या मिळून ते अंतर तीन किलोमीटरच्या आसपास भरते. आमची नववीची मुलगी एवढे धावू शकत नसेल, तर अडचण श्रद्धेत शोधू नये, जागेत शोधावी.

जागा तयार करता येते याचा पुरावा मिठीच्याच काठावर आहे. धारावीला लागून असलेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान एके काळी कचऱ्याची भूमी होते. शहराचा कचरा तिथे पडायचा. तो थांबवून त्यावर माती टाकली गेली, १९८३ मध्ये लागवड सुरू झाली आणि पहिले रोप लावले डॉ. सलीम अली यांनी. १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले. आज सुमारे ३७ एकरांवर दाट झाडी आहे, फुलपाखरे आहेत, पक्षी आहेत आणि पलीकडे मिठीचे खारफुटीचे पात्र आहे. सलीम अली कोण, हे आमच्या मुलांना सांगताना मी 'पक्षितज्ज्ञ' या शब्दावर थांबत नाही. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेला, गिरगावात खेतवाडीत मामांकडे वाढलेला हा मुलगा होता, हे सांगते. चाळी-वाड्यांच्या दाटीतूनच तो रानापर्यंत पोचला. आणि उतारवयात त्याने रोप लावले ते कुठल्या थंड हवेच्या ठिकाणी नव्हे, धारावीच्या उकिरड्यावर.

या उद्यानात पायवाटा आहेत. पण उद्यानाच्या कुंपणाशी त्या संपतात. नदीच्या कडेने वर कुर्ल्याकडे किंवा खाली माहीमकडे सलग चालत जाता येत नाही. एवढेच जोडायचे आहे.

मात्र 'नदीकाठ सुधारणा' हे शब्द ऐकले की आपल्या माणसाच्या पोटात गोळा येतो, आणि तोही उगीच नाही. अहमदाबादला साबरमतीचा काठ चकचकीत झाला, तेव्हा काठावरच्या हजारो गरीब कुटुंबांना शहराच्या कडेला जावे लागले. त्यांत मुस्लिम आणि दलित वस्त्या मोठ्या होत्या. पुनर्वसनासाठी उच्च न्यायालयापर्यंत झगडावे लागले. पुण्यात मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठाचा प्रकल्प २०२२ पासून सुरू आहे. तिथे झाडे तोडण्यावरून आणि काठ आवळून नदी अरुंद करण्यावरून नागरिक रस्त्यावर उतरले. दोन्हीकडे चित्रांमध्ये धावणारी माणसे दाखवली होती. चित्रातला धावणारा नेहमी नव्या बुटांतला असतो. काठावर आधीपासून राहणारा त्या चित्रात सहसा नसतो.

परळ-लालबागने हा अनुभव वेगळ्या रीतीने घेतला आहे. गिरण्या बंद पडल्यावर १९९१ च्या नियमानुसार गिरणीच्या जमिनीचा एक-तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी आणि एक-तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी मिळायचा होता. २००१ मध्ये नियमाची भाषा बदलली. वाटणी संपूर्ण जमिनीऐवजी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जागेची झाली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. गिरणगावाला मोठी बाग मिळता मिळता राहिली आणि टॉवर उभे राहिले. त्या टॉवरांत धावायला यंत्रे आहेत. गिरणी कामगाराची नात अजून फुटपाथवरच्या गाड्या चुकवत चालते. मोकळी जागा अशी एका वाक्याच्या दुरुस्तीत जाते. म्हणून मिठीच्या काठाचे नियम कागदावर येतील तेव्हा ते आपण वाचले पाहिजेत. फक्त निषेधाच्या सभेला जाऊन भागणार नाही.

माझ्या मते त्या कागदावर चार गोष्टी हव्यात. पहिली, आधी सांडपाणी. वस्त्यांना आणि कारखान्यांना जोडलेली गटारे नदीत सुटत असतील, तर काठावर बाकडी टाकून उपयोग नाही. गटारातल्या हवेत धावणे आरोग्याचे नाही. दुसरी, जे काठावर राहतात त्यांना आधी घर, आणि तेही जवळच, मुलांची शाळा न बदलता. तिसरी, वाट मातीची आणि सावलीची हवी. काँक्रीट आणखी ओतले तर पुराचे पाणी पुन्हा क्रांतीनगरातच शिरेल. चौथी, वाट सगळ्यांची हवी. तिकीट नको. पहाटे फज्रनंतर उघडी हवी, संध्याकाळी दिवे हवेत, ठरावीक अंतरावर स्वच्छतागृह हवे. आमच्या स्त्रिया घराबाहेर किती वेळ राहतात हे पुष्कळदा या शेवटच्या गोष्टीवर ठरते.

स्त्रियांसाठी वेगळी बाग हवी, असे काही जण म्हणतील. माझा तसा आग्रह नाही. राणीबागेत सकाळी नऊवारीतल्या आजी, बुरख्यातल्या खाला आणि ट्रॅकसूटमधल्या मुली एकाच वाटेने चालतात. कोणी कोणाकडे वळून बघत नाही. वर्दळ हीच तिथली सुरक्षा आहे. आणि एवढी साधी ओळख दुसरीकडे कुठे होते? रोज समोरून येणाऱ्या बाईला तिसऱ्या आठवड्यात आपण सलाम किंवा नमस्कार करतोच.

मोहल्ल्यानेही काही करावे. आमच्या जमाती आणि अंजुमन शिष्यवृत्त्या देतात, वह्या वाटतात. त्यांनी रविवारी पहाटे वीस मुलींना एका बसमधून राष्ट्रीय उद्यानात किंवा शिवाजी पार्कला न्यावे, सोबत दोन शिक्षिका द्याव्यात. नागपाड्याने बास्केटबॉलचे नामवंत खेळाडू घडवले ते मस्तान तलावाच्या मैदानामुळे. जागा आणि थोडी साथ मिळाली की आमची मुले मागे राहत नाहीत.

विहारपासून माहीमपर्यंत मिठी सुमारे १८ किलोमीटर आहे, अर्धमॅरेथॉनला तीन किलोमीटर कमी. एवढी लांब वाट या शहराला निसर्गाने आयती दिली होती. ती उद्या तयार झालीच, तर तिच्या यशाची परीक्षा उद्घाटनाच्या फितीपाशी घेऊ नये. क्रांतीनगरातली एक मुलगी सलवार-कमीजमध्ये, दुपट्टा कमरेला बांधून, धाकट्या बहिणीबरोबर तिथे रोज धावते का, आणि 'तू इथे काय करतेस' असे तिला कोणी विचारत नाही ना, एवढे पाहावे.