पाळणाघराचे शुल्क कोणाच्या खात्यावर?

अंधेरी, बोरिवली, मुलुंड वा घाटकोपर, उपनगर कोणतेही असो, मूल सहा महिन्यांचे झाले की नोकरी करणाऱ्या सुनेच्या घरात एक आकडेमोड सुरू होते. समजा, तिचे वेतन दरमहा ३०,००० रुपये आहे. पाळणाघराचे १२,०००, सायंकाळी बाळाला घरी आणून सांभाळणाऱ्या बाईंचे ६,००० आणि रेल्वे-रिक्षाचे ३,००० वजा केले की उरतात ९,०००. मग वडीलधारे म्हणतात, ‘एवढ्यासाठी लेकराला परक्याच्या हाती का द्यायचे?’ आणि सूनबाई राजीनामा देतात.

हा हिशेब मायेपोटी मांडलेला असतो, यात शंका नाही. तथापि ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वह्या लिहिल्या जातात, त्या घराने तो पुन्हा एकदा तपासून पाहावा.

पहिली चूक खात्याची. मूल आई-वडील दोघांचे असताना त्याच्या संगोपनाचा खर्च एकट्या आईच्या नावे का पडावा? पित्याचे उत्पन्न ५०,००० असेल तर घराची जमा ८०,००० होते, आणि १८,००० हा त्या जमेतून जाणारा घरखर्च ठरतो. तो जड आहेच. पण त्यामुळे आईची नोकरी निरर्थक ठरत नाही.

दुसरी चूक काळाची. नवी शाखा उघडली की पहिल्या वर्षीच नफा मागणाऱ्याला आपण जाणता व्यापारी म्हणत नाही. पाळणाघराचा मोठा भार मूल शाळेत रुळेपर्यंतचा असतो. नोकरी सोडल्याने मात्र अनुभव खंडित होतो, बढती मागे पडते, भविष्यनिर्वाह निधी थांबतो आणि पुन्हा उभे राहताना पूर्वीचे वेतन मिळेलच असे नाही. २०२३ चा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनीही हेच दाखवले, की स्त्री-पुरुषांच्या कमाईतील अंतराचा मोठा भाग पहिल्या अपत्याच्या जन्मानंतर निर्माण होतो.

तिसरी चूक नोंदच न करण्याची. ‘आजी आहेत ना घरी’ असे म्हणताना आजींचे गुडघे, त्यांचा स्वाध्याय आणि दुपारची विश्रांती कोणत्याही वहीत चढत नाही. त्या आनंदाने सांभाळत असतील तर ते घराचे भाग्य. परंतु त्यांना आधी विचारावे, आणि मदतीला निदान अर्धा दिवस बाई ठेवावी.

आता ज्यांचे दोघांचे उत्पन्न मिळूनही पाळणाघर परवडत नाही, त्यांनी काय करावे? याचे एक उत्तर मुंबईतील स्त्रियांनीच शोधले होते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला आणि त्यातून ‘लिज्जत’ उभी राहिली. केंद्रावरून भिजवलेले पीठ न्यायचे, घरी पापड लाटायचे आणि वाळवून परत आणून द्यायचे, या रीतीमुळे असंख्य मातांना मूल नजरेसमोर ठेवून कमावता आले. तथापि एका हाती लाटणे आणि दुसऱ्या हाती पाळण्याची दोरी, हे दुहेरी काम आहे. घरबसल्या कमाईचे कौतुक करताना तेवढे तरी विसरू नये.

कायद्याने काही सोय केलेली आहे. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची झाली; ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झाले आणि मातेला दिवसातून चार वेळा बाळाला भेटण्याची मुभा मिळाली. पण आपल्या बाजारपेठांकडे पाहावे. कापड, भांडी, औषधे, दागिने यांच्या बहुतेक पेढ्यांवर पाच-दहा माणसे असतात. म्हणजे जो पेच आपल्या सुनेचा, तोच आपल्या गल्ल्याशेजारी बसून बिले करणाऱ्या मुलीचाही आहे, आणि तिच्या हाती ३०,००० ही पडत नाहीत. ती बाळंतपणानंतर परतली नाही की आपण ‘चांगली माणसे टिकत नाहीत’ अशी तक्रार करतो.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात यासाठी एक उपयुक्त वाट आहे. एक किलोमीटरच्या परिघातील आस्थापनांना एकत्र येऊन सामाईक पाळणाघर चालवण्याची परवानगी मिळू शकते. बंधन ५० कर्मचाऱ्यांपासूनचे असले, तरी स्वेच्छेने तसे करण्यास लहान दुकानदारांना कोण अडवतो? एका पेठेतील २० दुकानांनी दरमहा २,५०० दिले तर ५०,००० जमतात. पालकांनी ऐपतीप्रमाणे भर घातली, तर दोन प्रशिक्षित सांभाळणाऱ्या बायांचे वेतन आणि बाळांचा खाऊ निघू शकेल. जागेचे भाडे मात्र मोठे. म्हणून दिवसा रिकामे राहणारे समाजाचे वा सोसायटीचे सभागृह यासाठी मागावे. सांभाळणाऱ्यांची पोलीस पडताळणी, कॅमेरे आणि डॉक्टरांची नियमित भेट यांत मात्र काटकसर नको.

आपल्या घरांना पाळणाघराविषयी आणखी एक संकोच असतो, तो आहाराचा. कंदमूळ नको, सूर्यास्तापूर्वी जेवण हवे; पण चर्चगेटहून सुटलेली आई बोरिवलीला पोहोचेपर्यंत अंधार पडतो. पेठेनेच चालवलेल्या पाळणाघरात हे नियम सहज पाळता येतील, आणि त्याच छताखाली मालकाचा नातू व नोकराची लेक एकत्र वाढतील.

दिवाळीला वहीपूजन करताना प्रत्येक पेढीने एवढे पाहावे, की गेल्या पाच वर्षांत बाळंतपणामुळे आपल्याकडून किती जणी गेल्या आणि त्यांतील किती परतल्या. तो आकडा हाती आला की शेजारच्या दुकानदाराशी बोलायला विषय मिळेल.