पालघरच्या खलाशासाठी उठा

पाकिस्तानला शिव्या घालायला आपल्याला कष्ट पडत नाहीत. क्रिकेटचा सामना असो की टीव्हीवरची रात्रीची चर्चा, आवाज चढवला की देशभक्ती उरकली. या गर्जनांची किंमत कोण मोजतं, हे पाहायचं तर डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर जा.

तिथले आदिवासी तरुण उचल घेऊन गुजरातच्या ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. वर कच्छजवळच्या सर क्रीक खाडीच्या तोंडाशी दोन देशांची सागरी हद्द आजही ठरलेली नाही. मासळीच्या मागे बोट पुढे सरकते, पाकिस्तानची गस्ती नौका येते, बोट जप्त होते आणि खलाशी कराचीच्या मलीर तुरुंगात पोहोचतो. बोट कुठे न्यायची हे तो ठरवत नाही, नफाही त्याचा नाही. आणि गावाबाहेर लोक विचारतात, ‘तिकडे कडमडायला गेलाच कशाला?’ पोटासाठी गेला, बाबांनो!

सिंधच्या मच्छीमारांना आपणही असंच पकडतो. दोन्ही देशांनी एकमेकांना दिलेल्या 1 जुलै 2025 च्या कैद्यांच्या याद्यांत पाकिस्तानच्या ताब्यात आपले 193 मच्छीमार होते, आपल्याकडे त्यांचे 81. त्याच वर्षी मे महिन्यात दोन्हीकडून क्षेपणास्त्रं सुटली होती. तरी कैद्यांबाबतच्या 2008 च्या करारानुसार ठरल्या दिवशी याद्यांची देवाणघेवाण झाली. सरकारं भांडता भांडता एवढी एक दोरी धरून आहेत. आपण लोकांनी मात्र ती कधीच सोडली.

‘आणि 26/11?’ विचाराच. मारेकरी ‘कुबेर’ ही मासेमारी बोट पळवूनच मुंबईपर्यंत आले आणि तिच्यावरच्या खलाशांना त्यांनी ठार केलं. म्हणजे त्या हल्ल्याचे पहिले बळीही मच्छीमारच! गस्त कडक हवी, चौकशी कसून हवी, त्यात काडीची सवलत नको. पण चौकशीत निव्वळ कोळी ठरलेल्या माणसाला वर्षानुवर्षं डांबून कुठल्या देशाची सुरक्षा वाढते? 2008 च्या त्याच करारात लिहिलंय की, शिक्षा संपून नागरिकत्व पटलं की महिन्याभरात सोडायचं. दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची समिती एकमेकांच्या तुरुंगांत जाऊन कैद्यांना भेटत असे. 2013 नंतर तिची एकही फेरी झालेली नाही, आणि त्यावरून आपल्याकडे कुणी रस्त्यावर उतरल्याचं मला तरी आठवत नाही.

शेजारी देशातली सगळीच माणसं आपल्यासारखी गप्प नाहीत. सुटलेल्या भारतीय खलाशांना कराचीहून लाहोरपर्यंत पोहोचवण्याचा खर्च तिथली ईधी फाउंडेशन करत आली आहे.

म्हणून तरुणांनो, घोषणा पुरे, कामाला लागा! किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींनी ग्रामसभेत ठराव करावेत: न्यायाधीशांची समिती पुन्हा सुरू करा, शिक्षा संपलेल्यांना ताबडतोब सोडा, त्यांचेही आणि आपलेही. मच्छीमार सोसायट्यांनी मालकांकडून लेखी घ्यावं की खलाशी पकडला गेला तर त्याच्या घरचा पगार थांबणार नाही. आमदार-खासदार मतं मागायला आले की आधी हा प्रश्न विचारा. दर 1 जानेवारीला आणि 1 जुलैला नवी यादी येते. त्या दिवशी पालघरच्या जिल्हाधिकारी कार्यालयासमोर जमा आणि मोठ्याने विचारा: आमच्या जिल्ह्यातले यात किती, शिक्षा संपलेले किती, आणि ते घरी कधी येणार?