नसबंदीचे ओझे कोणाच्या देहावर?

गंगापूर तालुक्यात ‘ऑपरेशन झाले’ असे म्हटले की ते कोणाचे, हे वेगळे सांगावे लागत नाही. ते बाईचेच असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील प्रजननक्षम वयाच्या विवाहितांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी नसबंदी करून घेतली होती. पतीने ती केलेल्यांचे प्रमाण अवघे ०.३ टक्के!

वस्तुतः प्रजोत्पादनाचा शारीरिक भार निसर्गानेच स्त्रीवर टाकला आहे. २०१८-२० मध्ये देशात दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावल्या; महाराष्ट्रात ३३. बाप होताना दगावलेल्यांचा तक्ता कोणतेही सरकार ठेवीत नाही, कारण त्यात भरण्यासारखे काही नसते. शिवाय मृत्यू हे केवळ टोक आहे. त्याखाली रक्तक्षय आहे, अंग बाहेर येणे आहे, वर्षानुवर्षे लपविलेले दुखणे आहे. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांतील पाहणी १९८९ साली प्रसिद्ध केली, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले होते. उपचार मात्र फारच थोड्यांना मिळाले होते.

निसर्गाची ही विषमता माणसाला पुसता येत नाही, हे मान्य. परंतु गर्भधारणा टाळण्याचा भार कोणी उचलावा, हे निसर्गाने ठरविलेले नाही. स्त्रीच्या शस्त्रक्रियेत पोटात शिरावे लागते. बिनटाक्याची पुरुष नसबंदी, जी चीनमध्ये १९७४ साली विकसित झाली, ती जागा बधिर करून काही मिनिटांत होते. अर्थात धोका कमी असलेला मार्ग सोडून अधिक धोक्याचा मार्ग समाज निवडतो, आणि तोही दुसऱ्याच्या देहावर. छत्तीसगढमध्ये बिलासपूरजवळच्या शिबिरात नोव्हेंबर २०१४ मध्ये ८३ स्त्रियांवर एकाच दिवशी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतील अनेक जणी पुढे दगावल्या. अशी शिबिरे बंद करा, असे सर्वोच्च न्यायालयाला २०१६ साली सांगावे लागले.

‘पुरुषाला कष्ट करायचे असतात, त्याची ताकद जाईल,’ हा नेहमीचा युक्तिवाद. वैद्यकशास्त्रात त्याला आधार नाही; मराठवाड्यात तर तो ऐकवतही नाही. येथे मुकादम उचल देतो ती कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरवर चढते ती बाईच. तिच्या ताकदीची चिंता कोणी वाहायची?

या भीतीला इतिहास आहे. १९७६-७७ मध्ये देशात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या, बहुसंख्य पुरुषांच्या आणि कित्येक सक्तीच्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीचे विधेयकच संमत केले होते. राष्ट्रपतींची मान्यता न मिळाल्याने ते बारगळले. त्या जुलमाविरुद्ध समाजवाद्यांनी आवाज उठविला, तो योग्यच होता. पण सक्ती उठल्यावर उद्दिष्टांचे ओझे निमूटपणे स्त्रियांकडे सरकले, तेव्हा तोच आवाज कोठे होता?

दरवर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर पुरुष नसबंदी पंधरवडा पाळला जातो. त्याही दिवसांत घरोघर फिरते ती आशाताई, आणि बोलते ती घरातल्या बाईशी. गंगापूरच्या कार्यकर्त्यांनी येत्या पंधरवड्यात पारावर आणि बाजार समितीत पुरुषांसमोर हा विषय काढावा, आणि स्वतःच्या घरात ऑपरेशन कोणाचे झाले, हे आधी सांगावे.