विश्लेषण : गर्भपिशवी काढायला परवानगी लागते, खाडा कापायला लागत नाही

दसरा झाला की बीड जिल्ह्यातील गावे रिकामी व्हायला लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, पिठाचा डबा, अंथरुणे, एखादी शेळी आणि लहान मुले चढतात. टोळ्या सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूरकडे, काही थेट कर्नाटकात निघतात आणि गाळप संपल्यावर पाच-सहा महिन्यांनी परततात. ऊसतोड कामगारांच्या याच जिल्ह्यातून २०१९ मध्ये बातमी आली की तोडीला जाणाऱ्या बायकांमध्ये गर्भपिशवी काढून टाकलेल्यांचे प्रमाण धक्कादायक आहे. विधिमंडळात प्रश्न विचारले गेले, समिती नेमली गेली, परवानगीची अट आली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाचा निकालही आला.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. मात्र जे केले ते बहुतांश ऑपरेशन थिएटरच्या दारात. बाई त्या दारापर्यंत ज्या हिशेबाने येते, तो उसाच्या फडातला हिशेब अजून जवळपास तसाच आहे.

आकडे काय सांगतात?

जून २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत माहिती दिली की २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत बीड जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. यातल्या सगळ्या महिला ऊसतोड कामगार नव्हत्या. त्यानंतर विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर सर्वेक्षणाचे आकडे आले. तपासणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे शंभरात जवळपास सतरा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) देशातील १५ ते ४९ वयोगटातील महिलांमध्ये हे प्रमाण सुमारे ३ टक्के होते, महाराष्ट्रात त्याहूनही थोडे कमी. दोन्ही पाहण्यांचे वयोगट आणि पद्धत वेगळी असल्याने ‘पाच-सहा पट’ असे सरळ गणित मांडणे बरोबर नाही. पण फरक एवढा मोठा आहे की पद्धतीकडे बोट दाखवून तो पुसता येत नाही.

कोयता, उचल आणि खाडा

ऊसतोडीत मजूर मोजला जात नाही, ‘कोयता’ मोजला जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. हंगामाआधी मुकादम या जोडीला एकरकमी पैसे देतो, त्याला ‘उचल’ म्हणतात. घरातले लग्न, आजारपण, जुने कर्ज यात ही रक्कम हंगामाआधीच संपलेली असते. मग पाच-सहा महिने ऊस तोडून ती फेडायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर.

पुरुष ऊस तोडतो. बाई पाचट काढते, मोळी बांधते आणि डोक्यावरून नेऊन ट्रॉलीवर चढवते. गाडी मध्यरात्री आली तर भरायचे कामही मध्यरात्रीच. राहायला कोपी, तिथे ना संडास ना न्हाणी. पाळीच्या दिवसांतही बहुतेकींना कापडावरच भागवावे लागते आणि ते धुवायला पुरेसे पाणी नसते.

आणि काम चुकले की ‘खाडा’. त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर दंडही कापला जातो. २०१९ मध्ये आलेल्या वृत्तांतांत महिलांनी हा दंड दिवसाला ५०० रुपयांच्या घरात सांगितला होता. आता नुसते गणित करून पाहा. महिन्याला चार दिवस काम चुकले आणि हंगाम पाच महिन्यांचा धरला तर वीस दिवस होतात. दंडच १० हजार रुपये. जोडीने दिवसाला दोन टन ऊस तोडला आणि टनाला सुमारे ३६५ रुपये मिळाले, तर बाईच्या वाट्याची मजुरी दिवसाला तेवढीच, ३६५ रुपये. वीस दिवसांचे आणखी ७ हजार ३०० गेले. एका हंगामात सतरा हजारांहून अधिक.

शस्त्रक्रियेचा खर्च एकदाच होतो आणि त्यासाठीही उचल मिळते. ३०-३५ हजारांचा खर्च धरला तर दोन हंगामांत तो ‘वसूल’ होतो. कागदावर हे गणित क्रूर दिसते, पण त्याच्या आत जगणाऱ्या बाईला ते शहाणपणाचे वाटू शकते. म्हणूनच ‘अडाणीपणामुळे बायका पिशवी काढून घेतात’ हे विधान चुकीचे आहे. पहिल्या दोन वर्षांचा हिशेब तिला बरोबर कळलेला असतो. तिला कुणी सांगितलेले नसते ते पुढच्या वीस वर्षांचे.

दवाखान्यात काय होते?

बहुतेकींची तक्रार साधी असते. अंगावरून पांढरे जाते, पाळीत रक्तस्राव जास्त होतो, ओटीपोट दुखते. यातल्या कित्येक तक्रारी जंतुसंसर्गाच्या असतात आणि गोळ्या-औषधांनी बऱ्या होतात. जास्त रक्तस्रावावर हार्मोनच्या गोळ्या, हार्मोन सोडणारी कॉपर-टीसारखी साधने असे पर्याय आहेत. पण औषध म्हणजे पुन्हा तपासणीला या, महिनाभर गोळ्या घ्या, सोनोग्राफी करा. फडावरून हे जमत नाही. सरकारी रुग्णालय लांब आणि हाताशी वेळ नाही. अशा वेळी खासगी दवाखान्यात ‘पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल’ हे एक वाक्य पुरते. तपासणीनंतर अशी भीती घातली गेल्याचे अनेक महिलांनी सांगितले आहे.

यात लवकर लग्नाचाही भाग आहे. राज्यात २० ते २४ वयोगटातील सुमारे २२ टक्के महिलांचे लग्न अठराच्या आत झाल्याचे राष्ट्रीय सर्वेक्षणाने (२०१९-२१) नोंदवले. बीडमध्ये हे प्रमाण जवळपास दुप्पट आहे. पंचविशीच्या आत दोन-तीन बाळंतपणे, मग कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया. त्यानंतर ‘आता पिशवीचा उपयोग काय’ हा प्रश्न नवऱ्यापासून डॉक्टरपर्यंत कुणीही सहज विचारतो.

उपयोग आहे. गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजकोषही काढले तर तिशीतल्या बाईची पाळी लगेच कायमची जाते. हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, अंगातून वाफा, झोप न लागणे, सांधेदुखी हे सगळे वीस वर्षे आधी येते. बीजकोष ठेवले तरी ते लवकर थकण्याची शक्यता असते. जिच्या पोटाचे साधन डोक्यावर मोळी वाहणे हेच आहे, तिच्यासाठी हाडांची झीज ही सरळ रोजगाराची झीज आहे. म्हणजे खाडा वाचवण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया पुढे कामच हिरावून घेऊ शकते.

सरकारने काय केले?

बीडमध्ये खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक करण्यात आले. स्थलांतराआधी आणि परतल्यावर महिलांची आरोग्य तपासणी व्हावी, अशी शिफारस समितीने केली. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ उभे राहिले. त्याच्यासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे १० रुपये द्यायचे आणि तेवढीच भर राज्याने घालायची, असे ठरले.

राष्ट्रीय पातळीवर राजस्थानातील डॉ. नरेंद्र गुप्ता यांची २०१३ मधील जनहित याचिका महत्त्वाची ठरली. ती बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातील अनावश्यक शस्त्रक्रियांबद्दल होती. गरिबांसाठीच्या आरोग्य विम्याचे पैसे लाटण्यासाठी या शस्त्रक्रिया होतात, असा आरोप तिच्यात होता. केंद्राने २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. ५ एप्रिल २०२३ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने ती तीन महिन्यांत लागू करण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. त्यानुसार जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय स्तरावर देखरेख समित्या अपेक्षित आहेत. अनावश्यक शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयांना काळ्या यादीत टाकण्याबाबतही न्यायालयाने बजावले.

परवानगीची अट पुरेशी का नाही?

एक तर ती जिल्ह्याच्या हद्दीत लागू असलेली अट आहे. जो मजूर कामासाठी वर्षातून सहा महिने दुसऱ्या जिल्ह्यात असतो, त्याच्यासाठी हद्दीला अर्थ उरत नाही. बीडमध्ये परवानगी नाकारली तर फडाजवळच्या शहरात शस्त्रक्रिया होऊ शकते. राज्यभर एकसारखी नोंद असल्याशिवाय हे पकडता येणार नाही. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. खासगी रुग्णालयांवरचे नियंत्रण १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याच्या आधारेच चालते.

दुसरी अडचण उलट्या बाजूची आहे. गाठी, कर्करोग, अंग बाहेर येणे यासाठी गर्भाशय काढणे खरोखर गरजेचे असते. अशा बाईला परवानगीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी खेपा माराव्या लागल्या तर नियम तिच्यावरच उलटतो. हंगामाला चार दिवस उरले असतील तर ती दुखणे अंगावर घेऊन तोडीला जाईल.

तिसरी आणि मोठी अडचण अशी की परवानगी नाकारल्यानंतर काय, याचे उत्तर व्यवस्थेकडे नाही. डॉक्टरने शस्त्रक्रिया केली नाही. बाईचा रक्तस्राव मात्र सुरूच आहे, कोपीत पाणी नाही आणि खाडाही कापला जाणार आहे. आकडेवारीत शस्त्रक्रिया कमी झाल्या म्हणून हे यश मानायचे का?

जबाबदार कोण?

कारखाना म्हणतो, आमचा करार मुकादमाशी किंवा वाहतूक ठेकेदाराशी आहे. मुकादम म्हणतो, मी कारखान्याचे पैसे वाटतो, ते बुडाले तर माझी जमीन जाईल. या साखळीत ऊस तोडणाऱ्या बाईचे नाव कुठल्याच कागदावर कामगार म्हणून येत नाही, कारण कोयता नवऱ्याच्या नावावर असतो. नाव नाही म्हणून रजा, प्रसूती लाभ, विमा यातले काहीच तिच्यापर्यंत पोहोचत नाही. मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने हा विषय छापल्यावर महाराष्ट्रातून साखर घेणाऱ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांना जगभर प्रश्न विचारले गेले. गावात मात्र बाईचे नाव अजूनही मुकादमाच्या वहीत शोधावे लागते, आणि तिथेही ते असेलच असे नाही.

काय करता येईल?

पाळीच्या दिवसांची मजुरी द्यावी, अशी मागणी तत्कालीन मंत्री नितीन राऊत यांनी डिसेंबर २०१९ मध्ये मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून केली होती. ती अव्यवहार्य म्हणून बाजूला सारण्याआधी हिशेब करायला हवा. चांगल्या हंगामात राज्यात सुमारे दहा कोटी टन ऊस गाळला जातो. टनामागे १० रुपये म्हणजे १०० कोटी, राज्याचे तेवढेच मिळवले तर २०० कोटी. ऊसतोड कामगार साधारण १० लाख आणि त्यात निम्म्या महिला धरल्या, तर प्रत्येकीला महिन्याला दोन दिवसांची भरपगारी सुटी पाच महिने देण्यासाठी १८० कोटींच्या आसपास लागतील. चार दिवस द्यायचे तर दुप्पट. दोन दिवस दिले तरी महामंडळाचा बहुतेक निधी यातच संपेल आणि वसतिगृहे, विमा यासाठी वेगळी तरतूद करावी लागेल. पण रक्कम आवाक्याबाहेरची नाही.

त्याहून स्वस्त उपाय म्हणजे खाड्याचा दंड बंद करणे. त्याला सरकारी तिजोरीतला एक रुपयाही लागत नाही. गाळप परवाना देताना कारखान्याकडून तीन गोष्टी लिहून घेता येतील. मजुरी कापायची तर न केलेल्या कामाचीच, वर दंड नाही. प्रत्येक कोयत्यात नवरा आणि बायको अशी दोन नावे, दोन बँक खाती. आणि कोप्यांच्या तळावर पाणी, संडास. दर हंगामात साखर आयुक्तालयाकडून कारखान्यांना गाळपाचा परवाना घ्यावाच लागतो आणि त्यासाठी शेतकऱ्यांची थकबाकी, शासकीय देणी तपासली जातात. त्याच अर्जात या तीन ओळींची जागा अजून रिकामी आहे.